चोवीस ऑक्टोबरचं पाणी

हिवरटोला, ता. गोरेगाव
२० ऑगस्ट २०२३

देवानंद गुरुजींना उमराव बकाराम याचा नमस्कार.

मोबाइलवर बोलता आलं असतं. पण फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि मला कागद पाहिजे, म्हणून कागदच पाठवतो.

काम तलावाचं आहे. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधला तेव्हापासून पाणी तिथीवर सुटतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. घट बसले की तुडूम उघडायचं, म्हणजे पाणी सोडायचं तोंड मोकळं करायचं. पहिल्या दिवशी तलावाच्या पाळीलगतच्या बांध्या, आमची धानाची शेतं, भिजतात, मग रोज खाली खाली, आणि दसऱ्याला सगळ्यात शेवटची बांधी. ती माझ्या धाकट्या भावाची, मनिरामची. तो वारल्यापासून तुमच्या बहिणीची, सुभद्राची.

आता पोरं ऐकत नाहीत. माझाच राहुल परवा तलावाच्या समितीत म्हणाला, "बाबा, बँक तारखेवर, बियाणं तारखेवर, धान खरेदी तारखेवर, अन् पाणीच तिथीवर काऊन?" मी समितीचा अध्यक्ष, तुडुमाची किल्ली माझ्याकडे, आणि उत्तर नाही. लोक हसले.

तुम्ही शाळेच्या पटांगणात काठी रोवून सावली मोजता, कॅलेंडर कसं तयार झालं ते मुलांना सांगता, असं सुभद्रा सांगत असते. तर ते आम्हालाही लिहून पाठवा. तारीख खरी की तिथी, धानाला काय लागू पडतं, ते सांगा. या साली घट १५ ऑक्टोबरला आणि दसरा २४ ऑक्टोबरला आहे. त्या तारखा कायमच्या धरल्या तर चालेल का, तेही लिहा. खाली सही करा. तुमच्या शब्दाला गावात मान आहे.

सुभद्रा बरी आहे. जरा कडक झाली आहे, एवढंच.

उमराव


कुडवा, गोंदिया
२७ ऑगस्ट २०२३

आदरणीय उमरावदादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षं शिकवतो आहे, पण मोठ्या माणसानं हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला. म्हणून उत्तर थोडं लांबेल. रागावू नका.

आज भिंतीवर जे कॅलेंडर आहे त्याचं मूळ रोममध्ये आहे. तिथलं जुनं वर्ष दहा महिन्यांचं होतं असं सांगतात. ते मार्चमध्ये सुरू व्हायचं, आणि हिवाळ्याचे दिवस कुणी मोजतच नसे. शेतात काम नाही तर दिवस कशाला मोजायचे? पुढे जानेवारी आणि फेब्रुवारी आले. तरी वर्ष चंद्राच्या चालीचं, तीनशे पंचावन्न दिवसांचं. सूर्याशी मेळ बसेना, म्हणून आपल्या अधिक महिन्यासारखा एक जादा महिना मधूनमधून घालत. तो कधी घालायचा हे पुजारी ठरवत. दादा, इथं माणसाचा स्वभाव दिसतो. आपला माणूस पदावर असला की पुजारी महिना घालून त्याचं वर्ष लांबवत. नावडता असला की महिना घालतच नसत. देवाच्या नावानं दिवसांची चोरी चाले. शेवटी पेरणीचा सण एकीकडे आणि पेरणी दुसरीकडे अशी गत झाली.

ज्यूलियस सीझरनं हे थांबवलं. इजिप्तचे लोक सूर्यावर वर्ष मोजत. तिकडच्या जाणकाराला विचारून त्यानं तीनशे पासष्ट दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस असं ठरवलं. मागची घाण काढण्यासाठी एक वर्ष चारशे पंचेचाळीस दिवसांचं करावं लागलं. त्याला लोक गोंधळाचं वर्ष म्हणत. तरीही दर वर्षाला अकरा मिनिटांची चूक राहिली. अकरा मिनिटं म्हणजे काय? आपण चहा पिईपर्यंत जातात. पण तेराशे वर्षांत त्यांचे दहा दिवस होतात. १५८२ मध्ये पोपनं ते दहा दिवस काढून टाकले. ४ ऑक्टोबरला लोक झोपले आणि उठले ते १५ ऑक्टोबरला. इंग्रजांनी हे मान्य करायला आणखी पावणेदोनशे वर्षं घेतली. आपल्या सरकारनंही १९५७ साली सूर्यावर चालणारं राष्ट्रीय पंचांग आणलं, त्यातला चैत्र २२ मार्चला सुरू होतो. ते कुणी वापरत नाही, पण ते सुंदर आहे.

आता तुमचा प्रश्न. देवाची पूजा तिथीनंच व्हावी, मी स्वतः तशीच करतो. पण धान सूर्यनारायणावर पिकतं. त्याला चंद्र ठाऊक नाही. म्हणून पाण्याला तारीख बरी. आणि तारीख एकदा ठरली की तिला नातंगोतं नसतं. ती कुणासाठी हलत नाही. रोमच्या पुजाऱ्यांवर हाच तर उपाय होता.

तुम्ही कळवल्याप्रमाणे १५ ऑक्टोबरला तुडूम आणि २४ ऑक्टोबरला शेवटची बांधी, असं धरायला माझी हरकत नाही.

एक शंका मात्र आहे. यंदा अधिक श्रावण होता, त्यामुळे सण उशिरा आले आहेत. अशा साली तुमचे वडील बकारामजी पाण्याचं काही वेगळं करत का? बाईचं, म्हणजे सुभद्राचं, लग्न झालं तेव्हा मी लहान होतो, काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं. तेवढं कळवा, मग पक्कं करू.

आपला,
देवानंद
(सही केली आहे.)


हिवरटोला
५ सप्टेंबर २०२३

गुरुजी, आज शिक्षक दिन. आमच्याकडून नमस्कार घ्या.

परवा रविवारी सभा झाली. तुमचं पत्र राहुलनं मोठ्यानं वाचलं. पोप दहा दिवस खाऊन गेला तिथं लोक इतके हसले की परत वाचावं लागलं. म्हातारा सुखराम म्हणाला, "त्या दहा दिवसाची मजुरी कोनं देल्ली रे?" तुमची शंका होती तो शेवटचा भाग वाचला नाही, लोकांना घाई होती.

शंकेचं उत्तर. बाबा अधिकाच्या साली काही वेगळं करत नव्हते. घट म्हणजे घट.

ठराव पास झाला. १५ ऑक्टोबर ते २४ ऑक्टोबर, तीन वर्षांसाठी, मध्ये बदल नाही. सगळ्यांच्या सह्या आहेत. सुभद्रा आधी नाही म्हणत होती. मग विचारलं, "पत्र देवानंदचंच होय ना?" अक्षर दाखवलं. तिनं सही केली.

तिला तुम्ही एक समजावून सांगा. मनिरामची बांधी मी कसतो म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, लेकीच्या, डिंपलच्या नावानं करीन. पोरगी उद्या परक्या घरी जाईल. आमच्या आज्यानं खांद्यावर माती वाहून तलाव बांधला, तो परक्या घराची जमीन भिजवायला? तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा.

उमराव


हिवरटोला
११ नोव्हेंबर २०२४

भाऊ देवानंद,

तुही बाई सुभद्रा लिवते. चौथीपर्यंतच शिकली, तवा चुकलं-माकलं पाहून घेजो. फोन केला असता पन फोनवर मले रडू येते, अन् तुह्यासंग रडत बोलाची मले लाज वाटते. मी मोठी हाव.

माह्या बांधीत दुसरं साल धान भरला नाई. लोंब्या उभ्याच्या उभ्या. भरला धान मान खाली घालते, माहा धान पोलिसावानी ताठ उभा. उफनला तं अर्धा वाऱ्यानं नेला. उरला तो बैलाइपुढं टाकला, त्याइनंबी हुंगून सोडला.

मागच्या साली मी काई बोलली नाई. म्हटलं एखादं साल जाते. पन औंदाबी पानी चोवीस तारखेलेच आलं. धान निसवला, लोंब्या बाहेर आल्या, दसऱ्याच्या आंदी. तवा पानी पायजे होतं. चोवीसले पानी आलं तं बांधीत बगळेच तेवढे आले. वरच्याइले फरक पडत नाई, त्याइच्या घरोघरी बोर हाय. माह्या बांधीले तलावच हाय. पानी वढाचं इंजिन मागाले गेली तं कोनी देत नाई. ह्याइच्या मोठ्या भावाचा, भासऱ्याचा धाक.

तुले येक विचाराचं हाय. माहे सासरे, मामाजी, अधिकाच्या सालात घटाची वाट पाहत नव्हते. पितरं बसले का दुसऱ्या दिवशी तुडूम. पंधरा दिवस आंदी. म्हनत, "अधिक महिना देवाचा हाय, धानाचा नाई. धान थांबत नाई." हे मी माह्या डोयानं पाह्यलं, लग्न होऊन आली तवापासून. भासऱ्यालेबी मालूम. माह्या सासूले, आत्याबाईलेबी मालूम. अन् तू अधिकाच्या सालाची तारीख धरून कायमची लिवून देल्ली. काऊन? मले तवा वाटलं, चुकते मीच. तू शिकला, सुऱ्याची सावली मोजते, तुले कसं मालूम नसन.

भासरे आता रोज म्हनून राह्यले, बांधी देऊन टाक, कायले जीव काढून राह्यली. डिंपलचं नाव घेतलं का हसतात.

तुही,
बाई


कुडवा
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय उमरावदादा,

फोन चार वेळा केला, तुम्ही उचलला नाही. म्हणून लिहितो.

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. ती माझी चूक म्हणूनच सांगतो, तुमच्यावर ढकलत नाही. वीस वर्षांची पंचांगं काढून बसलो. दसरा २०२२ ला पाच ऑक्टोबरला होता. यंदा बाराला झाला. पुढच्या साली दोन तारखेला आहे. चोवीस किंवा पंचवीस येतो तो अधिक महिन्याच्या साली. म्हणजे आपण अपवादाची तारीख धरली आणि तिलाच नियम केलं. धानाला सूर्य कळतो हे मी खरं लिहिलं, पण सूर्याचा दिवस चुकीचा लिहून दिला.

बाईनं मला बकारामजींचा रिवाज सांगितला. अधिकाच्या साली पितृपक्ष लागला की तुडूम. दादा, हा हिशेब सीझरच्या जाणकाराच्या तोडीचा आहे. सण पुढे सरकले की पाणी मागे घ्यायचं. शाळेत न गेलेल्या माणसानं तो धानाकडे पाहून बसवला. मी तुम्हाला हेच विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. तुम्हाला विसर पडला असेल, असं मी धरून चालतो.

आता उपाय सोपा आहे. पंधरा दिवस मागे घ्या. तीस सप्टेंबरला तुडूम, नऊ ऑक्टोबरला शेवटची बांधी. पोपनं दहा दिवस काढले, आपण पंधरा काढू. चूक मान्य करून दिवस काढण्यात कमीपणा नाही. बाईचं तिसरं साल वाया गेलं तर ती बांधी तिच्याकडे राहणार नाही, हे तुम्हालाही दिसत असेल.

हात जोडून विनंती आहे.

देवानंद


हिवरटोला
२७ नोव्हेंबर २०२४

देवानंद गुरुजी,

तुमचं जुनं पत्र मी जपून ठेवलं आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, ठरावासोबत. त्यात तुमच्या अक्षरात लिहिलं आहे, "तारीख एकदा ठरली की तिला नातंगोतं नसतं. ती कुणासाठी हलत नाही." हे वाक्य आमच्या गावात पोरासोरांना पाठ झालं आहे.

त्याच पत्रात रोमच्या पुजाऱ्यांचं लिहिलं आहे. आपल्या माणसासाठी ते दिवस इकडेतिकडे करत. गुरुजी, तुमचं नवं पत्रही मी समितीत वाचून दाखवलं. लोक म्हणाले, हा कोणता पुजारी? बहिणीसाठी पंधरा दिवस मागतो तो? मी त्यांना गप्प केलं. म्हटलं, असं बोलू नका, शिकलेला माणूस आहे.

ठराव तीन वर्षांचा आहे. तो मी एकटा मोडू शकत नाही. २२ डिसेंबरला रविवारी समाजमंदिरात सभा आहे. तुम्ही या. सगळ्यांसमोर उभे राहा आणि सांगा की मला कॅलेंडर कळत नाही, मी चूक लिहिलं. आणि बाबांच्या रिवाजाचं म्हणता, तर माझी आई वच्छलाबाई अजून जिवंत आहे. ब्याऐंशी वर्षांची आहे, पण चष्म्याविना सुईत दोरा ओवते. तिला विचारा. ती हो म्हणाली तर मी त्याच क्षणी तारीख बदलतो. सीधी बात.

जेवायला आमच्याकडेच थांबा.

उमराव


कुडवा
२४ डिसेंबर २०२४

बाई,

परवा सभेतून तू मध्येच उठून गेलीस. मी तुझ्यामागे यायला पाहिजे होतं. आलो नाही. त्यानंतर काय झालं ते तुला कुणी नीट सांगणार नाही, म्हणून लिहितो.

तू होतीस तोवर मी उभा राहून बोललो होतो. "मी चूक लिहिलं," एवढं म्हटलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं बोला मास्तर, पोपले आयकू गेलं पायजे!" ते हसणं तू ऐकलंस. मग वच्छलाबाईंना विचारलं. त्यांनी आधी उमरावदादांकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि म्हणाल्या, "मले काई आठवत नाई बापू. म्हातारपन हाय." तेव्हा तू उठलीस.

तू गेल्यावर सुखराम म्हणाला, "झालं तं मंग. म्हातारीले आठवत नाई, मास्तरले कळत नाई, तारीखच बरी." राहुलनं ठराव पुन्हा वाचला. हात वर झाले. मी मोजले नाहीत. उमरावदादांनी मला खुर्चीवर बसवलं, स्वतः चहा आणून दिला आणि सगळ्यांना म्हणाले, "चूक कबूल करायले हिंमत लागते. टाळ्या वाजवा गुरुजीसाठी." आणि त्यांनी वाजवल्या, बाई. मी चहा प्यालो.

निघताना वच्छलाबाईंच्या पाया पडलो. त्यांनी माझं डोकं खाली धरून ठेवलं आणि कानात म्हणाल्या, "मले याच घरात मराचं हाय, मास्तर."

आता माझं सांगतो. उमरावदादांचं पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्या मनात शंका होती. तुला फोन करून दोन मिनिटांत विचारता आलं असतं. मी तुला विचारलं नाही, त्यांना विचारलं. आणि त्यांचं उत्तर येण्याआधीच पत्राखाली सही करून बसलो होतो. कारण मला कुणीतरी विचारलं होतं, याचाच आनंद इतका होता. गावातला मोठा माणूस माझ्याकडून शिकू पाहतो, असं वाटलं. रोज संध्याकाळी देवापुढे बसतो तेव्हा हे आठवतं, आणि मी देवाला दुसरंच काही सांगू लागतो.

पुढच्या साली दसरा दोन ऑक्टोबरला आहे. पाणी मात्र चोवीसलाच येईल. इंजिन मी इकडून भाड्यानं पाठवतो. टेम्पोवाल्याशी बोललो आहे.

तुझा,
देवानंद


हिवरटोला
३ जून २०२६

देवानंद गुरुजींना नमस्कार.

दीड वर्ष पत्र नाही. राग धरू नये, आपण पाहुणे माणसं. मागच्या साली तुम्ही इंजिन पाठवलं ते टेम्पोवाल्यानं गावाच्या वेशीवरूनच परत नेलं, असं ऐकलं. तलावात पाइप टाकायला समितीची परवानगी लागते, हे त्याला पोरांनी समजावून सांगितलं. तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं.

आनंदाची बातमी अशी की बांधी घरातच राहिली. फेब्रुवारीत सुभद्रानं माझ्या नावानं करून दिली. तीन सालं धान झाला नाही, ती तरी काय करणार? मागची खोली तिला राहायला आहेच. कुणी काढलं नाही.

आता कामाचं. तीन वर्षांची मुदत संपली. या साली अधिक ज्येष्ठ चालू आहे, म्हणजे सण पुन्हा उशिरा. समितीत चर्चा झाली. राहुलनं आठवण काढली की आजोबा अधिकाच्या साली पितरं बसली की तुडूम उघडत. मग मलाही आठवलं. आईला विचारलं, तिलाही आठवलं. तर सर्वांनुमते जुना रिवाज पुन्हा लागू केला आहे. शेवटच्या बांधीला पाणी वेळेवर गेलं पाहिजे, नाही तर पीक हाती येत नाही, हे सगळ्यांना पटलं.

पितृपक्षाची प्रतिपदा कोणत्या तारखेला येते आणि तिथून शेवटच्या बांधीची पाळी कधी, हे लिहून पाठवा. पंचांग आमच्याकडेही आहे. पण कागद तुमच्या अक्षरात असला की लोक भांडत नाहीत. खाली सही करा.

उमराव


कुडवा
९ जून २०२६

बाई,

तुझा फोन बंद लागतो. डिंपलला विचारलं तर म्हणाली, आई बरी आहे, बोलायचं नाही म्हणते.

उमरावदादांचं पत्र आलं. त्यांना तारखा पाहिजेत. माझ्या अक्षरात. मी पंचांग उघडलं, कागद घेतला आणि चार दिवस तो कागद टेबलावर तसाच आहे. मनात आलं की खोट्या तारखा लिहाव्यात. महिनाभर पुढच्या. माझ्या सहीवर त्यांचा विश्वास आहे, मग होऊ दे एकदा त्यांचंही तसंच. असा विचार माझ्या मनात आला, हे तुला सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

काय करू ते तू सांग. तू म्हणशील तसं करतो.

आणि तू इकडे ये. तुझ्या वहिनीनं, प्रेमिलानं, तुझ्यासाठी समोरची खोली रिकामी केली आहे. पोरानं, प्रफुलनं, भिंत रंगवली. कुडव्याला सगळं जवळ आहे, दवाखाना, देऊळ, बाजार. डिंपललाही इथून नोकरीवर जाणं सोपं पडेल. त्या मागच्या खोलीत तू राहू नकोस. मी गाडी घेऊन येतो, फक्त दिवस सांग.

देवानंद


हिवरटोला
२१ जून २०२६

भाऊ देवानंद,

तारखा खऱ्या लिव. खोट्या लिवशीन तं वाळनार धानच, भासरे नाई वाळनार. त्याइच्या घरी बोर हाय, दुसऱ्या बांध्या हाय. येक बांधी गेली तं ते जेवाले बसनार नाई, असं नाई होत. अन् त्या बांधीत रोवनी मीच करनार हाव. मागच्या हप्त्यात त्याइनं मले विचारलं, येशीन का मजुरीनं, तुले त्या बांधीची माती मालूम हाय. मी हो म्हटलं. मले मालूमच हाय. माह्या हातानं रोवलेला धान तुह्या हातानं वाळवू नोको.

प्रेमिलाले सांग, खोलीत धानाची पोती ठेव. मी येत नाई.

तू वाईट हाय म्हून नाई. तू गुनाचा हाय, लहानपनापासून. माय देवळात जाये तं तिच्या मांगं मांगं तूच जाये. पन आयक. भासरे कसे हाय हे मले लग्नाच्या पयल्या वर्षीच समजलं होतं. त्याइनं किती कागद आनले, किती वेळा आनले. हे जित्ते होते तवाबी आनले, गेल्यावरबी आनले. गोड बोलले, डोये वटारले. मी येकाबी कागदावर सई केली नाई. येकाबी.

फेब्रुवारीत केली ते तं मेल्यावानी केली, तिले मी सई म्हनत नाई. मी जानून-बुजून, खुशीनं, येकच सई केली. तुह्या कागदावर.

वाईट मानसापासून कसं जपून राहाचं ते मले येते. तुह्यापासून कसं जपून राहाचं ते मले कोनी शिकवलं नाई.

सुभद्रा